वाटाणा टिकतो म्हणजे नेमके काय टिकते?

भंडारा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी चालू असते. बांध्यांमधले पाणी ओसरलेले असते, पण मातीत ओल असते आणि त्या ओलीवरच झाडीपट्टीचा रब्बी हंगाम उभा राहतो. धान उभा असतानाच त्यात लाखोळी फेकतात. कापणीनंतर कुठे हरभरा येतो, कुठे जवस. जिथे विहिरीचे, बोडीचे किंवा कालव्याचे पाणी हाताशी आहे तिथे एखाद्या बांधीत, नाहीतर घरामागच्या सांदवाडीत, वाटाण्याचे दोन-चार वाफे असतात. बोलताना आम्ही त्याला मटरच म्हणतो. दिवाळीच्या मागेपुढे टाकलेले बी पौष-माघात शेंगांनी लदते.

वाटाण्याची अडचण अशी की तो वांग्यासारखा महिनोन् महिने थोडा थोडा येत नाही. अर्केलसारख्या लवकर येणाऱ्या जाती साधारण दोन महिन्यांत तोडणीला येतात आणि दोन-तीन तोड्यांत आटोपतात. म्हणजे घरात माणसे पाच आणि ओसरीवर शेंगा वीस किलो, असा प्रकार होतो. त्याच आठवड्यात गावातल्या इतरांच्याही शेंगा निघतात, आठवडी बाजारात भाव पडतो आणि व्यापारी वाटाण्याच्या बागायतदारालाच वाटाण्याच्या अक्षता लावतो. मग घरोघरी एकच प्रश्न उरतो: हे एवढे ठेवायचे कसे?

बचत गटांच्या बायकांबरोबर भाजीपाला टिकवण्याची प्रात्यक्षिके घेताना हा प्रश्न मला दर हिवाळ्यात विचारला जातो. विचारणारीला बहुधा एक उत्तर हवे असते: फ्रीज, ऊन की बरणी? पण वाटाणा ही एकच वस्तू नाही. त्यात गोडी आहे, हिरवा रंग आहे, कोवळेपण आहे, जीवनसत्त्वे आहेत, प्रथिने आहेत आणि पुढच्या वर्षीचे बीही आहे. हे सगळे एकत्र टिकवणारी रीत घरच्या स्वयंपाकघरात नाही. प्रत्येक रीत यातले काही राखते आणि काही सोडते. एक रीत तर अशी आहे की ती जिवावर बेतू शकते. म्हणून कसे टिकवायचे याच्या आधी काय टिकवायचे हे ठरवावे लागते, आणि ते शेंगा ओसरीवर आल्यावर ठरवून भागत नाही.

तोडल्यावरही जिवंत असलेला दाणा

धान्य साठवण्याची आपली सवय वाळलेल्या दाण्याची आहे. तांदूळ, तूर, हरभरा हे सगळे दाणे झोपलेले असतात. त्यांच्यात पाणी इतके कमी असते की आतली घडामोड जवळजवळ थांबलेली असते. हिरवा वाटाणा नेमका उलट. त्याच्या वजनाचा पाऊण भाग, कधी त्याहूनही थोडा जास्त, पाणी असतो आणि तो ऐन वाढीच्या भरात तोडलेला असतो. भाज्यांमध्ये तोडल्यावर सर्वांत जोरात श्वसन करणाऱ्यांत हिरव्या वाटाण्याची गणना होते. पोत्यात दाबून भरलेल्या शेंगांत सकाळी हात घातला तर आत ऊब लागते ती याचमुळे. ती ऊब म्हणजे जळणारी साखरच.

साखर जाण्याचे दोन रस्ते आहेत. काही श्वसनात जळते आणि काही स्टार्चमध्ये बदलते, कारण बी म्हणून दाण्याचे कामच मुळी साखर घेऊन पिठूळ साठा करण्याचे आहे. वेलाला शेंग असेपर्यंत वेलाकडून नवी साखर येत राहते. तोडल्यावर पुरवठा बंद होतो, पण साठा करण्याचे काम चालूच राहते. त्यामुळे साध्या तापमानात काही तासांतच गोडीचा मोठा वाटा निघून जातो. संध्याकाळी तोडलेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोललेल्या शेंगेतला दाणा दिसायला तसाच हिरवा असतो, चवीला मात्र पिठूळ लागतो. पुढे तो फ्रीजरमध्ये ठेवा की उन्हात घाला, गेलेली गोडी परत येत नाही.

म्हणून पहिला नियम साधा आहे. ऊन चढायच्या आत शेंगा तोडाव्यात, पोत्यात न भरता टोपल्यांत पातळ थराने सावलीत ठेवाव्यात आणि जेवढ्या त्या दिवशी सोलून पुढची प्रक्रिया करता येईल तेवढ्याच तोडाव्यात. बाकीच्या वेलावरच बऱ्या. लगेच सोलणे जमणार नसेल तर शेंगा न सोलता फ्रीजच्या थंड कप्प्यात ठेवाव्यात. थंडीने श्वसन मंदावते आणि सालीच्या आत दाण्याचे पाणीही राहते.

सुरकुतलेला आणि गोल

वाटाण्याच्या गोडीचा विज्ञानाच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने ब्रुनो शहरातल्या मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १८६५ साली वाचून दाखवले. १८६६ साली ते छापले गेले. त्याने निवडलेल्या सात लक्षणांपैकी एक होते वाळलेल्या दाण्याचा आकार: गोल की सुरकुतलेला. संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळपास तीनास एक. आनुवंशिकतेच्या नियमांची सुरुवात या मोजणीतून झाली.

सुरकुत्या का पडतात, याचे उत्तर मिळायला मात्र १९९० साल उजाडले. इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले की सुरकुतणाऱ्या वाटाण्यात स्टार्चच्या रेणूंना फांद्या फोडणारे एक विकर नीट तयारच होत नाही, कारण त्याच्या जनुकात डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे साखरेचे स्टार्च कमी होते आणि साखर साचून राहते. साखर जास्त म्हणून दाणा पाणीही जास्त ओढतो, फुगतो, आणि वाळताना पाणी गेले की साल सैल पडून सुरकुतते. थोडक्यात, वाळल्यावर पडणाऱ्या सुरकुत्या ही हिरवेपणी गोड असल्याची खूण.

बियाण्याच्या पाकिटात अर्केलचे बी सुरकुतलेले दिसते ते म्हणूनच. उलट उसळीसाठी किराणा दुकानातून आणतो तो पांढरा वाटाणा गोल आणि गुळगुळीत असतो. तो वेगळ्या प्रकारचा, वेलावरच पूर्ण पिकून वाळलेला वाटाणा. कॅनडा आणि रशियासारख्या देशांतून आयात होणारा वाटाणाही असाच असतो. आपल्या वाफ्यातला कोवळा हिरवा दाणा उन्हात वाळवून त्या दुकानच्या वाटाण्यासारखा टपोरा, एकसारखा दाणा मिळेल अशी अपेक्षा धरली तर निराशाच पदरी पडते. तो बारीक, खडबडीत आणि गडद होणार. त्यात काही बिघडलेले नसते.

थंडीत ठेवायचा तर आधी उकळते पाणी

रंग आणि गोडी हवी असेल तर गोठवणे हाच घरगुती मार्ग. पण सोललेले दाणे तसेच पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकले तर दोन-तीन महिन्यांत त्यांना वाळल्या गवतासारखा वास येतो आणि रंग मळकट होतो. लोकांना वाटते, फ्रीजर नीट चालत नाही. खरे कारण दाण्यातच असते. दाण्यातली विकरे गोठल्यावर मंद होतात, मरत नाहीत. लिपॉक्सिजनेज नावाचे विकर दाण्यातल्या थोड्याशा स्निग्धांशावर काम करत राहते आणि तो वास तयार होतो. ही विकरे निकामी करायला उष्णता लागते. म्हणून गोठवण्याआधी दाणे थोडा वेळ उकळत्या पाण्यात घालून काढतात. यालाच ब्लांचिंग म्हणतात.

यात प्रमाणाला महत्त्व आहे. साधारण अर्धा किलो दाण्यांना चार लिटर पाणी खळखळ उकळलेले हवे. दाणे जाळीच्या पिशवीत किंवा चाळणीत घालून पाण्यात बुडवावेत. पाणी जास्त असले की मिनिटभरात पुन्हा उकळी येते. ती आली की तिथून दीड मिनिट मोजायचे. लगेच बाहेर काढून बर्फाच्या किंवा अगदी थंड पाण्यात तेवढाच वेळ, पूर्ण गार होईपर्यंत. मग निथळून, स्वच्छ कापडावर पसरून, अंगावरचे पाणी टिपून घ्यायचे. छोट्या पातेल्यात दोन किलो दाणे एकदम कोंबले तर पाणी थंड पडते, उकळी यायला पाच-सात मिनिटे लागतात आणि बाहेरचे दाणे शिजतात तर मधले नुसते कोमट होतात. असे अर्धवट ब्लांचिंग मुळीच न केल्यापेक्षा वाईट, कारण कोमट उष्णतेने विकरांना उलट जोर चढतो. कारखान्यांत ब्लांचिंग पुरे झाले की नाही हे पेरॉक्सिडेज या विकराच्या चाचणीने पाहतात. उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्यांपैकी ते आहे. ते निकामी झाले म्हणजे बाकीचीही झाली असे धरतात. आपल्या हाती घड्याळ आहे आणि मोठे पातेले आहे.

दाणे गोठवताना आधी ताटात एका थरात पसरून ठेवावेत आणि कडक झाल्यावर पिशवीत भरून, हवा काढून, तोंड बंद करावे. याचे कारण बर्फाच्या स्फटिकांत आहे. सावकाश गोठले तर स्फटिक मोठे होतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि वितळल्यावर दाणा लिबलिबीत होतो. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याने झटपट गोठवण्याचे तंत्र व्यापारी पातळीवर आणले आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावच्या दुकानांत त्याचे गोठवलेले अन्न विक्रीला ठेवले गेले. त्या पहिल्या मालात वाटाणाही होता. दाणा लहान, गोल, सुटा. थंडी चारी बाजूंनी चटकन आत शिरते. गोठवायला इतकी सोयीची भाजी दुसरी क्वचितच असेल.

आता आपल्या घरांकडे येऊ. वर्षभर टिकण्याचे जे आश्वासन दिले जाते ते उणे १८ अंश सेल्सिअसला लागू असते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर तारे छापलेले असतात: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा कप्पा बहुधा तीन ताऱ्यांचा नसतो. शिवाय वीज. पूर्ण भरलेला डीप फ्रीजर उघडला नाही तर वीज गेल्यावर सुमारे दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस माल गोठलेला राखतो असे सांगतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा असताना आणि वादळाने तारा तुटल्या असताना या हिशेबावर विसंबता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की साध्या फ्रीजमधला वाटाणा होळीपासून वापरायला काढावा आणि कडक उन्हाळ्याआधी संपवावा. वितळलेल्या पिशवीत बर्फाचे कण अजून दिसत असतील तर ती पुन्हा गोठवता येते, फक्त प्रत थोडी उतरते. पूर्ण वितळून कोमट झालेली पिशवी पुन्हा गोठवू नये. खूप वेळ तशीच राहिली असेल तर फेकून द्यावी.

उन्हातले वाळवण

वाळवणाला वीज लागत नाही आणि ते आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. हरभऱ्याची कोवळी भाजी वाळवून डब्यात भरणे, वांग्याच्या फोडी उन्हात घालणे, डाळीच्या वड्या आणि सांडगे ही सगळी विदर्भाच्या घरांची जुनी सवय आहे. माघ-फाल्गुनातली कोरडी हवा आणि निरभ्र ऊन याला अनुकूल. पण पाला किंवा फोड वाळणे आणि वाटाणा वाळणे यात फरक आहे. फोडीला कापलेली बाजू असते, तिथून पाणी निघून जाते. वाटाण्याला चहूकडून साल असते आणि ती पाणी अडवते. त्यामुळे दाणा बाहेरून वाळलेला वाटतो आणि आत ओला राहतो. तसाच डब्यात भरला की पंधरा दिवसांत बुरशी धरतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वाळवण्याआधीही वर सांगितले तसेच ब्लांचिंग करणे. त्याने विकरे थांबतात, रंग बरा राहतो, साल सैल पडते आणि पुढे शिजतानाही दाणा लवकर मऊ होतो. दुसरा, सालीला भोक पाडणे. कारखान्यांत त्यासाठी दाण्यांना टोचणारी यंत्रे असतात. घरी जाड सुईने टोचता येते. पाच-सहा किलोंना हे काम कंटाळवाणे होते, तेव्हा वाळवण्यासाठी बारीक दाणे घ्यावेत आणि टपोरे गोठवायला ठेवावेत.

पसरताना थर एका दाण्याचाच हवा. खाली जाळी किंवा बांबूची चटई असली तर हवा दोन्हीकडून खेळते. कडक ऊन थेट पडले तर हिरवा रंग आणि अ जीवनसत्त्व देणारे कॅरोटिन दोन्ही झपाट्याने उडतात, म्हणून वर पातळ कापड घालावे. धूळ आणि माश्याही त्याने अडतात. रात्री दव पडते, तेव्हा संध्याकाळी उचलून घरात घ्यावे. तीन-चार दिवसांनी परीक्षा करायची: दाणा पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकला तर तडकून फुटला पाहिजे. चेपला गेला तर अजून ऊन हवे.

हिशेबही पाहून ठेवावा, म्हणजे मन खट्टू होत नाही. एक किलो शेंगांतून साधारण निम्मे, म्हणजे साडेचारशे ते पाचशे ग्रॅम दाणे निघतात. त्यातले पाणी गेले की उरतात जेमतेम सव्वाशे ग्रॅम. घमेलेभर शेंगांचा डबाभर वाटाणा होतो. पण हे घटणे पाण्याचे आहे. प्रथिने, स्टार्च, तंतू आणि खनिजे डब्यातच असतात. जाते ते क जीवनसत्त्व, काही गोडी आणि तजेला. हिरव्या वाटाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. वाळवणात त्याची आशा धरू नये. असा वाटाणा रात्री भिजत घालून आमटीत, आलूच्या रस्स्यात, मसालेभातात वापरावा. ताज्या मटराच्या उसळीची बरोबरी तो करणार नाही.

डब्यात भरताना दाणे आधी आठवडाभर बरणीत सैल भरून रोज हलवावेत. काही दाणे जास्त ओले असतील तर ओल सगळ्यांत वाटली जाते. बरणीच्या काचेवर आतून दव दिसले तर परत उन्हात. मग झाकण घट्ट असलेल्या कोरड्या डब्यात, लहान लहान भागांत ठेवावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मोठा डबा रोज उघडला तर वाळवलेले पुन्हा ओल धरते. किड्यांची भीती असेल तर भरलेल्या पिशव्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात घालाव्यात; अंडी आणि अळ्या मरतात.

हिरवा रंग आणि त्याचे मोह

वाळवणाचा रंग उतरतो हे बायकांना खटकते, विशेषतः बचत गटाला विकायचे असेल तर. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि त्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. शिजताना दाण्यातले आम्ल सुटते, मॅग्नेशियम निसटून जाते आणि रंग शेवाळी-पिवळट होतो. उकळत्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर आम्ल मरते आणि रंग टिकतो, पण थायमिन आणि क जीवनसत्त्व नष्ट होते आणि साल गळून दाणा लगदा होतो. भरपूर पाणी, झाकण न ठेवता कमी वेळ उकळी आणि झटकन गार करणे यानेच बहुतेक काम होते.

दुसरा मोह आमच्या जिल्ह्याच्या जवळचा आहे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात हिरवी भाजी उकळली तर तिचा रंग अधिक उठून दिसू शकतो, कारण मॅग्नेशियमच्या जागी तांब्याचा अणू बसला की हरितद्रव्य पक्के हिरवे होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये डबाबंद वाटाण्याला रंग आणायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वापरत; त्यावरून मोठे वाद झाले. तो रंग म्हणजे अन्नात उतरलेले तांबे. आपल्या आजीपणजींनी भांड्याला कल्हई लावण्याचा आग्रह धरला तो याच भीतीने. पितळेचे भांडे वापरायचे तर कल्हईचेच.

तिसरा मोह बाजारातला. सोललेल्या किंवा भिजवलेल्या वाटाण्याला कृत्रिम हिरवा रंग देऊन विकण्याचे प्रकार होतात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने यासाठी घरगुती चाचणी सुचवली आहे: काचेच्या पेल्यात थोडे दाणे घेऊन त्यात पाणी घालून हलवा आणि अर्धा तास ठेवा. पाण्यात रंग उतरला तर भेसळ समजावी. आपला घरचा मळकट हिरवा वाटाणा विकताना गटाने ही चाचणी ग्राहकासमोर करून दाखवावी, असे मी सांगते. उतरलेला रंग मग लाजेचा न राहता खात्रीचा होतो.

बरणीबंद वाटाण्याचा धोका

आता त्या रीतीविषयी, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. दाणे मिठाच्या पाण्यात उकळायचे, गरम गरम काचेच्या बरणीत भरायचे, झाकण घट्ट लावून बरणी पुन्हा उकळत्या पाण्यात ठेवायची, आणि वर्षभर फडताळात. ही कृती तोंडोतोंडी पसरते. दिसायला सुरेख असते आणि शहरातल्या दुकानात तसे डबे मिळतातही.

या रीतीचा जनक फ्रान्सचा निकोला अपेर. सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या शोधाबद्दल त्याला १८१० साली १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले. काचेच्या बाटल्यांत भरून, बूच मारून, पाण्यात उकळलेल्या त्याच्या पदार्थांत हिरवा वाटाणाही होता. अन्न टिकते का, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. सूक्ष्मजंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अर्ध्या शतकाने केला. आणि नेमका तिथेच या बरणीतला धोका उघड होतो.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत राहतो. तो बीजाणूंच्या रूपात असतो तेव्हा उकळत्या पाण्याच्या १०० अंशांनीही मरत नाही. तासभर उकळले तरी नाही. त्याला वाढायला तीन गोष्टी लागतात: हवेचा अभाव, ओल आणि आंबटपणा नसणे. घट्ट बंद केलेली बरणी पहिली देते, मिठाचे पाणी दुसरी आणि वाटाणा तिसरी. टोमॅटो, चिंच, कैरी यांच्या आंबटपणात तो वाढू शकत नाही; पीएच ४.६ च्या खाली असला की तो रोखला जातो. वाटाण्याचा पीएच सहाच्या आसपास असतो. इतर जंतू उकळीने मेलेले, म्हणजे स्पर्धाही नाही. अशा बरणीत तो जे विष तयार करतो ते माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी आहे. दृष्टी दुहेरी होते, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. झाकण फुगले, वास आला तर निदान कळते. पण कित्येकदा वास, रंग, चव काहीच बदलत नाही. चाखून पाहणे ही इथे परीक्षा होऊ शकत नाही.

कारखान्यात हे साधते, कारण तिथे दाबाखालच्या वाफेने डब्याच्या मध्यापर्यंत १२१ अंश तापमान नेतात आणि ते ठरलेला वेळ राखतात. घरचा कुकर शिट्ट्या देतो, पण त्यात बरणीच्या मध्यावर किती अंश आणि किती वेळ होते हे मोजलेले नसते. म्हणून कुकरमध्ये बरण्या ठेवण्याचाही सल्ला मी देत नाही. वर तेलाचा थर दिला तरी उपयोग नाही. तेल हवा अडवते, म्हणजे जिवाणूचे कामच सोपे करते. बरणीचाच हट्ट असेल तर वाटाण्याचे लोणचे घालावे, भरपूर व्हिनेगर किंवा लिंबूरस आणि मीठ घालून, थोडे थोडे, फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवण्यासाठी. फडताळातला बरणीबंद वाटाणा मात्र नको.

वेलावर सोडलेला वाटा

राहिली एक रीत, जिच्यात आपण काहीच करत नाही. शेवटच्या तोड्याच्या शेंगा वेलावरच राहू द्यायच्या. दाणा आपले काम पूर्ण करतो, साखरेचा साठा करतो, पाणी सोडतो आणि झोपी जातो. शेजारच्या बांधीतली लाखोळी हेच करते. ती वाटाण्याची चुलत बहीण; शेंगा वाळल्यावर उपटून, बडवून घरात येते आणि तिला ना ब्लांचिंग लागते ना फ्रीजर.

असा वाळलेला अर्केल उसळीला फार चांगला नसतो, पण बियाणे म्हणून सोन्यासारखा. वाटाण्याचे फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन होऊन जाते. मेंडेलने वाटाणा निवडला त्याचे एक कारण हेच होते. त्यामुळे संकरित नसलेल्या जातीचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवते. चांगल्या, निरोगी वेलांना दोरी बांधून त्यांच्या शेंगांना हात लावायचा नाही, एवढीच शिस्त.

या सगळ्यात जी गोष्ट मोजली जात नाही ती म्हणजे सोलण्याचे श्रम. माझ्या हाताला तासाला दोन-अडीच किलो शेंगा होतात. वीस किलोंना एका बाईचा सबंध दिवस, त्यात ब्लांचिंग आणि पसरणे वेगळेच. घरातल्या एकीवर हे ओझे टाकून टिकवलेला वाटाणा स्वस्त म्हणता येत नाही. ज्या घरात संध्याकाळी पुरुष आणि पोरेही शेंगा घेऊन बसतात तिथेच हा उद्योग परवडतो. नाहीतर भाव पडलेला असला तरी शेंगा विकून टाकणे, किंवा नातलगांत वाटून टाकणे, अधिक शहाणपणाचे. सोललेल्या सालींचे म्हणाल तर त्या गुरांना आवडतात, वाया काही जात नाही.

वीस किलो शेंगांचा एकच ढीग पडला की ही वाटणी हातातून निसटते. म्हणून ती आत्ताच करायची. दिवाळी अंक हातात असेल तेव्हा पेरणीचे दिवस चालू आहेत. सगळे बी एकाच दिवशी न टाकता बारा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन वेळा टाकावे; फार उशीर मात्र नको, कारण ऊन वाढले की वाटाणा फुलोरा गाळतो. पहिला वाफा ताज्या भाजीचा आणि बाजाराचा, तेव्हा भावही बरा असतो. दुसऱ्यातले टपोरे दाणे फ्रीजरला, कप्प्यात मावतील आणि होळीनंतर महिनाभरात संपतील एवढेच. बारीक दाणे वाळवणाला. तिसऱ्याच्या कडेच्या दोन ओळी बियाण्याला. काठीला चिंधी बांधून त्या ओळींवर आजच खूण करून ठेवावी, म्हणजे माघात शेंगा तोडायला येणाऱ्या हातांना सांगावे लागणार नाही.